राजारामपुरीतलं पेटंटचं ऑफिस: आमचा सात महिन्यांचा अनुभव

पेटंटचं काम करून देणाऱ्या एका ऑफिसबद्दल लिहितोय. कोल्हापुरात राजारामपुरीत, मेन रोडवरून गल्लीत वळलं की पहिल्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, खाली गाडी लावायला जागा नाही. नाव लिहीत नाही, कारण ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनीच तसं सांगितलं. त्या आणि त्यांच्याकडे ड्रॉइंग करणारा एक मुलगा, एवढीच माणसं. झेपतील तेवढीच कामं घेतात. कुणाला खरंच गरज असेल तर उद्यमनगरात येऊन भेटा, पत्ता तोंडी सांगतो.

मी टर्नर. दोन लेथ, एक मिलिंग, एक जुना शेपर, यावर चौतीस वर्षं वर्कशॉप चाललंय. पेटंटचा आणि माझा कधी संबंध आला नव्हता. आला तो भाच्यामुळे.

बहीण शिरोळ तालुक्यात दिलीय. घरचा ऊस. मोठी बांधणी, म्हणजे बुडाला मातीची भर, झाली आणि ऊस डोक्याच्या वर गेला की आत शिरून खत टाकायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर पाल्यानं हातपाय, मान, सगळं कापून निघतं. भाच्यानं त्यासाठी एक बुटकी गाडी बनवली. चार चाकं, बॅटरी, वर खताची पेटी. पाच फुटी सरीतून ती एकटी चालत जाते. चेसिस, चाकांचे हब आणि खत सोडणारा रोलर मी केला, बाकी डोकं त्याचं. आतमध्ये पानांचं छप्पर इतकं दाट असतं की उपग्रहाचा सिग्नल धड येत नाही. म्हणून त्यानं दोन कॅमेरे आणि अंतर मोजणारे सेन्सर लावले. दोन्ही बाजूंची उसाची बुडं बघत गाडी मधोमध चालते आणि टोकाला पोचली की वळून पुढच्या सरीत शिरते. पहिल्यांदा ती पलीकडच्या बांधावर पाचट घेऊन बाहेर आली तेव्हा बहिणीनं तिला हळदकुंकू लावलं.

त्याच रात्री भाचा म्हणाला, "मामा, उद्या व्हिडिओ टाकतो. ड्रॉइंग, कोड, सगळं उघडं. ज्याला पाहिजे त्यानं बनवून घ्यावी." मी म्हटलं, "थांब जरा." बहीण तर चिडलीच. २०२५ साली मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, आपलं कुणाला दाखवायचं नाही. भाच्याचंही चूक नव्हतं. तो म्हणाला, "हे मी बांधलंय कशावर? आर्डुइनोचा सर्किट बोर्ड उघडा, कॅमेऱ्याचं चित्र ओळखणारं ओपनसीव्ही उघडं. लोकांनी दार लावून घेतलं असतं तर मी आज काय केलं असतं?" आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्याचा जर्मनीत शिकणारा मित्र सांगत होता, तिकडंच दोघांच्या नावावर अर्ज करू, लवकर होईल.

या तीन मतांची मोट बांधून आम्ही तो जिना चढलो.

याआधी मी एकाला फोन केला होता, दुसऱ्या शहरातला. त्यानं गाडी काय आहे हे न विचारता पॅकेज सांगितलं, अ‍ॅडव्हान्स मागितला आणि जर्मनीचं काय विचारल्यावर "ते बघू नंतर" म्हणाला. ते "नंतर" आम्हाला किती महागात पडलं असतं हे राजारामपुरीत कळलं.

मॅडमचा पहिला प्रश्न, "हे आतापर्यंत कुणी कुणी बघितलंय?" शेजारचे सहा शेतकरी, असं सांगितलं. त्यांनी तारखांसह लिहून घेतलं, आणि ती चाचणी होती, प्रदर्शन नव्हतं, हेही. व्हिडिओ टाकला नाही ना, हे दोनदा विचारलं. एकदा जगासमोर ठेवलं की त्यातलं नवेपण गेलं आणि मग पेटंट मागता येत नाही, हे त्यांनी भाच्याला शांतपणे समजावलं.

दुसरा प्रश्न असा की तो मी विसरणार नाही. "ही गाडी उसाशिवाय आणखी कुठं चालेल?"

भाचा खरं बोलणारा पोरगा. म्हणाला, "कुठंही. जंगलात, बोगद्यात. सिग्नल बंद पाडलेला असेल तिथंसुद्धा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३५ आहे. अर्जातला शोध संरक्षणाच्या उपयोगाचा वाटला तर पेटंट कार्यालयाचा अधिकारी, म्हणजे कंट्रोलर, तो प्रसिद्ध करायला किंवा कुणाला सांगायला मनाई करू शकतो. मनाई असेपर्यंत अर्ज पुढं सरकतो, पण पेटंट मिळण्याच्या उंबरठ्यावर थांबतो. केंद्र सरकारनं दर सहा महिन्यांनी त्याचा फेरविचार करायचा असतो, आणि आपली मागणी रास्त असेल तर आपल्या अर्जावरूनही. सरकारनं तो शोध वापरला तर मोबदल्याची तरतूद आहे. मनाईमुळे अर्जदाराला झळ बसली तर सरकार त्याला काही रक्कम देऊ शकतं, पण शब्द "देऊ शकतं" असाच आहे. मॅडमनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढून दाखवली.

मग कलम ३९. भारतात राहणाऱ्या माणसानं परवानगीशिवाय बाहेरच्या देशात थेट पेटंटचा अर्ज करायचा नाही. आधी इथं अर्ज करायचा, सहा आठवडे थांबायचं, त्या काळात मनाईचा आदेश आला नाही तर बाहेर जायला मोकळे. नाहीतर २५ नंबरचा फॉर्म भरून परवानगी घ्यायची. हे मोडलं तर इथला अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि कलम ११८ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. उसात खत टाकणाऱ्या गाडीसाठी! भाच्यानं खाली उतरल्या उतरल्या मित्राला जर्मनीत फोन लावला आणि थांब म्हणून सांगितलं.

या भेटीचे पाचशे रुपये घेतले, तेही पुढच्या बिलातून वजा केले. दीड तास बसवलं, चहा दिला, आणि अर्ज कराच असं एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट सांगितलं की सगळं उघडं करायचं असेल तर आजच, अर्ज न करता करा. पेटंटचा हक्क जाईल, पण तोंड मोकळं राहील. आधी अर्ज केला आणि आदेश आला, तर मग उघडं करणं हाच गुन्हा. कुठलं दार आधी उघडायचं यावर पुढचं सगळं अवलंबून, आणि ते ठरवणं तुमचं काम, माझं नाही. फी घेणारा माणूस एवढं सांगत नाही. मला तिथंच विश्वास बसला.

आठवडाभर घरात तेच बोलणं. भाच्यानं रात्री जागून जुनी प्रकरणं काढली, मला वाचून दाखवली. अमेरिकेत १९५१ चा यासाठी वेगळा कायदा आहे आणि आज पाच हजारांहून जास्त शोध त्या आदेशांखाली बंद आहेत. त्यातले काही सरकारी पैशाचे नाहीत, साध्या माणसांनी स्वतःच्या खिशातून केलेले. सिएटलच्या काही जणांनी आवाजाची गुप्तता राखणारं रेडिओचं यंत्र बनवलं, अर्ज केला, आणि १९७८ मध्ये उत्तरात पेटंटऐवजी गप्प बसायचा आदेश आला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या एका प्राध्यापकाच्या संकेतलेखन यंत्रावरही, म्हणजे मजकूर गुप्त खुणांत बदलणाऱ्या यंत्रावरही, आला. दोघंही गप्प बसले नाहीत, बोभाटा केला, आणि दोन्ही आदेश त्याच वर्षी मागं घ्यावे लागले. अमेरिकन सरकारचे संकेतलेखनतज्ज्ञ विल्यम फ्रीडमन यांचं नशीब तसं नव्हतं. त्यांनी संकेतलेखनाच्या यंत्रासाठी १९३३ मध्ये अर्ज केला, आणि पेटंट निघालं २००० मध्ये. सदुसष्ट वर्षं! फ्रीडमन १९६९ लाच गेले होते.

मला सगळ्यात जास्त लागली ती इंग्लंडची गोष्ट. जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स, माल्कम विल्यमसन ही तिथल्या सरकारी संकेतलेखन खात्यातली माणसं. आपण आज फोनवरून पैसे पाठवतो तेव्हा मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून जे गणित वापरलं जातं, त्याचं मूळ यांनी १९७० ते १९७४ या काळात शोधलं. खात्यानं ते कपाटात ठेवलं. १९७६-७७ मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी तेच स्वतंत्रपणे शोधून छापलं, आणि जगानं ते वापरलं. इंग्लंडनं कपाट उघडलं १९९७ मध्ये, एलिस वारले त्याच्या पुढच्याच महिन्यात. दार लावल्यानं देशाला काय मिळालं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मॅडमनीच सांगितली. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञानं अणूच्या साखळी प्रक्रियेचं पेटंट १९३४ मध्ये मागितलं आणि ते गुप्त राहावं म्हणून १९३६ मध्ये स्वतःहून ब्रिटिश नौदलाच्या हवाली केलं. हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेला माणूस तो. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी झाकाव्याच लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की झाकणारानं कारण सांगावं, कधीपर्यंत ते सांगावं, आणि ज्याचं डोकं आणि पैसा गेलाय त्याला भरपाई हक्कानं मिळावी, मर्जीनं नको.

मी हे इतकं मनाला लावून घेतो त्याला कारण आहे. वडिलांची उद्यमनगरात छोटी फौंड्री होती. पंपाच्या बॉडीची कास्टिंगं काढायचे. कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, तो कोअर. त्याच्या वाळूत बांधणीला मळी घालायचे. साखर कारखान्याची मळी इथं सगळेच घालत. पण किती घालायची, बेंटोनाइटची चिकणमाती किती, पावसाळ्यात कमी किती करायची, कोअर भट्टीत किती वेळ भाजायचा, हे फक्त वडिलांना ठाऊक. मोल्डरांना चहाला पाठवून स्वतः मिश्रण करायचे. मलाही बाहेर काढायचे. आमची पोटं त्यावर चालत होती, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. १९८८ च्या जुलैत ते झोपेतच गेले. पुढचं सगळं पावसाळी काम ब्लो-होलनं, म्हणजे हवेच्या पोकळ्यांनी, भरलं, कोअर हातात तुटायचे. गिऱ्हाइकं एकेक करून गेली आणि दोन वर्षांत क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, भंगारात विकावा लागला. त्यांची वही माझ्याकडे आहे. त्यात आकडे आहेत, पण पुढच्या खुणा त्यांच्या त्यांनाच कळणाऱ्या. आपल्या गावात करणारे हात होते, १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी इथं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून जाताना मला दरवेळी वाटतं, त्या हातांनी काय काय केलं ते ओळीनं लिहून ठेवलेलं मला वाचायला मिळालं असतं तर!

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, पेटंटचा सौदाच त्यासाठी आहे. तुम्ही सगळं लिहून द्यायचं, अठरा महिन्यांनी ते जगाला वाचायला मिळतं, बदल्यात वीस वर्षं हक्क तुमचा. नंतर सगळ्यांचं." मी आयुष्यभर पेटंट म्हणजे कुलूप समजत होतो. गुप्ततेच्या आदेशानं नेमका हा सौदा मोडतो. माणूस लिहून देऊन बसतो, हक्क मिळत नाही आणि लोकांनाही वाचायला मिळत नाही.

त्यांनी हळदीचं उदाहरण दिलं आणि भाचा खुश झाला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख होते, जुने छापील दाखले पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीला माहीत होतं एवढ्यावर झालं नसतं. कुठंतरी लिहिलेलं, छापलेलं होतं म्हणून झालं. जे तारखेसह उघडं ठेवलंय त्यावर पुढं दुसऱ्या कुणाचं पेटंट टिकत नाही. बहिणीला मी हे समजावलं. चपलेच्या भौगोलिक मानांकनाचंही मॅडमनी सांगितलं, की ते प्रामुख्यानं नाव राखतं, घडण नाही, आणि परदेशात हवं तर तिथं वेगळं घ्यावं लागतं. बहीण पूर्ण मानली नाही, पण गप्प झाली.

शेवटी वाटणी केली. चेसिस, हब, खताचा रोलर, वायरिंग हे सगळं उघडं. भाच्यानं ते अर्ज झाल्यावर तारखेसह इंटरनेटवर टाकलं आणि मी रोलरचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या दारात भिंतीवर लावलंय. तीन जण मापं उतरवून घेऊन गेलेत. एकानं रोलरच्या खाचा तिरक्या केल्या, दाणेदार खत अडकायचं ते थांबलं. आता आम्हीही तशाच करतो. बुडं ओळखून वाट धरायची आणि टोकाला वळायची यंत्रणा, तेवढ्यावर अर्ज.

अर्जाच्या कामाबद्दल. मॅडमनी आधीच सांगितलं की नुसत्या प्रोग्रॅमवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही आणि शेतीच्या पद्धतीवरही मिळत नाही, म्हणून हक्क मागायचा तो यंत्राचा. कोडचा कुठला तुकडा कुठून घेतला याची यादी भाच्याकडून करून घेतली, कारण काही उघड्या कोडची अटच असते की त्यात भर घालून वाटलं तर भरही उघडी ठेवा. त्यानं दोन ठिकाणी स्वतःचा कोड नव्यानं लिहिला. आधी तात्पुरतं वर्णन दाखल केलं, त्यावर पूर्ण वर्णन द्यायला बारा महिने मिळतात, आम्ही सहाव्या महिन्यात दिलं. सगळं ऑनलाइन, मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे. आम्हाला एकदाही मुंबईला जावं लागलं नाही. सरकारी फी एकट्या माणसाला अर्जाची १,६०० आणि परीक्षणाची ४,००० रुपये. ऑफिसची फी तात्पुरत्याला सात हजार, पूर्णला बावीस हजार, दोन्ही पावतीसह आणि आधी सांगितलेली. तेवढीच घेतली.

एक चूक झाली आणि ती लिहिलीच पाहिजे. ड्रॉइंग करणाऱ्या मुलानं इंग्रजी मसुद्यात सरीला "ट्रेंच" लिहिलं होतं. ट्रेंच म्हणजे खंदक. माणसाशिवाय, सिग्नलशिवाय खंदकातून चालणारी गाडी! संरक्षणाच्या दृष्टीनं अर्ज तपासणाऱ्या माणसासमोर हे गेलं असतं तर त्यानं काय समजायचं? भाच्यानं वाचताना पकडलं, सतरा ठिकाणी होतं. मॅडमनी लगेच माफी मागितली, सगळं "फरो" करून घेतलं आणि पुन्हा ओळ न् ओळ आमच्यासमोर वाचली. गाडी दुसरीकडे चालू शकते हे लपवायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. पण जे आहे ते नीट शब्दांत लिहायचं. तो मुलगा शहरात वाढलेला, त्यानं सरी बघितलीच नव्हती. पुढच्या रविवारी भाचा त्याला शेतावर घेऊन गेला.

अर्ज केल्यानंतरचे सहा आठवडे घरात कुणी नीट झोपलं नाही. मी रोज पोर्टल उघडून बघायला सांगायचो. मॅडमना मी बारा-पंधरा फोन केले असतील, त्यांनी प्रत्येक वेळी तेच उत्तर न कंटाळता दिलं. बेचाळीस दिवस संपले, आदेश आला नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन करून सांगितलं, आता जर्मनीत अर्ज करायला मोकळे. अजून केलेला नाही. तिकडचा खर्च ऐकून मित्रच आता म्हणतोय, तिथं उघडंच ठेवू. परीक्षणाचा नंबर लागायचाय.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या ट्रेंचचा.

जाताना तारखा घातलेली वही न्या, सुट्या कागदांवर त्या काम करत नाहीत. गाडी खाली मेन रोडलाच लावा. संध्याकाळी साडेसहानंतर फोन उचलत नाहीत, सकाळी दहाला करा. आणि जायच्या आधी व्हिडिओ टाकू नका, कुठं बाहेर अर्जही करू नका.